गाठ हाताला लागली, आता पुढे काय? : कुत्र्यांच्या त्वचेच्या कर्करोगाविषयी वाचकांचे प्रश्न

कुत्र्याच्या अंगावर आलेल्या गाठी, भरून न येणाऱ्या जखमा आणि हाती पडलेले तपासणी अहवाल यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली असून, लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेवरून वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या आठ वर्षांच्या लॅब्राडॉर कुत्रीच्या बरगडीपाशी वर्षभरापासून लिंबाएवढी मऊ गाठ आहे. हाताने चाचपून ती चरबीची असल्याचे आम्हाला सांगण्यात आले, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. महिन्यापूर्वी मांडीवर वाटाण्याएवढी दुसरी गाठ सापडली. तीही चरबीचीच असेल, असे घरातील मंडळी म्हणतात. सुईची तपासणी करावी का? सुई टोचल्याने कर्करोग पसरतो असे ऐकल्यामुळे धीर होत नाही.

तपासणी करावी, आणि दोन्ही गाठींची करावी. वयस्क लॅब्राडॉरमध्ये चरबीच्या गाठी फार आढळतात हे खरे आहे, आणि आपल्या कुत्रीची बरगडीवरची गाठ बहुधा तशीच निघेल. परंतु ‘बहुधा’ या शब्दावर वर्षभर थांबावे, असे मला वाटत नाही. कुत्र्यांच्या त्वचेत सर्वाधिक आढळणारा घातक अर्बुद (ट्यूमर) म्हणजे मास्ट पेशींचा, म्हणजेच ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा अर्बुद. तो कधी चरबीसारखा मऊ लागतो, कधी चामखिळीसारखा दिसतो, कधी कीटक चावल्याची गांधी वाटावी असा लाल असतो, तर कधी त्वचेखाली सरकणाऱ्या गोळीसारखा असतो. पशुवैद्यक शिकवताना त्याला बहुरूपी म्हणतात ते याच कारणाने. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही बोटांच्या अंदाजावर ‘चरबी आहे, काळजी नको’ असे सांगत असे. ज्या गाठींच्या बाबतीत माझी बोटे चुकली, त्या आजही माझ्या स्मरणात आहेत, आणि तेव्हापासून सुई लावल्याखेरीज मी गाठीचे नाव घेत नाही.

ही तपासणी अगदी साधी असते. इंजेक्शनसाठी वापरतात तशी बारीक सुई गाठीत घालून दोन-चार दिशांनी हलवली जाते, सुईत आलेल्या पेशी काचपट्टीवर पसरल्या जातात आणि त्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. यासाठी बहुतेक कुत्र्यांना भूल द्यावी लागत नाही. लस टोचताना होतो तेवढाच त्रास होतो. चरबीच्या गाठीतून काचेवर तेलकट, न वाळणारे थेंब येतात. मास्ट पेशी गोल असतात आणि त्यांच्या पोटात जांभळ्या कणांची दाटी दिसते. काही वाईट वळणाच्या अर्बुदांत हे कण फार विरळ असतात, आणि झटपट रंगवण्याच्या पद्धतीत ते कधीकधी नीट रंगतही नाहीत. म्हणून पेशी संशयास्पद दिसल्यास काचपट्टी अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडे पाठवण्याचा आग्रह आपण धरावा. नुसते रक्त आले किंवा पेशी कमी आल्या, तर तपासणी पुन्हा करायची असते. ‘काही सापडले नाही’ आणि ‘काही नाही’ यांत फार अंतर आहे.

सुईने कर्करोग पसरण्याच्या भीतीविषयी सांगायचे, तर त्वचेच्या गाठींमध्ये हा धोका इतका किरकोळ मानला जातो की त्यासाठी निदान टाळणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. मूत्राशयाच्या विशिष्ट कर्करोगात सुईच्या वाटेवर पेशी रुजू शकतात, म्हणून तिथे आम्ही पोटातून सुई घालणे टाळतो. ती गोष्ट वेगळी, आणि त्वचेच्या बाबतीत ऐकिवात असलेली भीती बहुधा तिथूनच आली असावी. मास्ट पेशींच्या गाठीला सुई लावल्यावर मात्र ती काही वेळ सुजू शकते, लाल होऊ शकते किंवा तिथून रक्त झिरपू शकते, कारण या पेशी सूज आणणारे हिस्टामिन आणि रक्त गोठू न देणारे हेपारिन सोडतात. अशी सूज आली, तर ती निदानाची एक खूण समजावी आणि तसे डॉक्टरांना कळवावे.

किती मोठ्या गाठीला सुई लावावी, असेही काही वाचकांनी विचारले आहे. एक सेंटिमीटरहून मोठी, म्हणजे ढोबळमानाने वाटाण्यापेक्षा मोठी, किंवा महिन्याहून अधिक काळ टिकलेली कोणतीही गाठ तपासावी, हा हिशेब घरी लक्षात ठेवायला सोपा आहे. गाठ झपाट्याने वाढत असेल, तिचा आकार आज मोठा तर उद्या लहान असा बदलत असेल, ती फुटली असेल किंवा कुत्रा ती सतत चाटत असेल, तर महिनाही थांबू नये. प्रत्येक गाठीची जागा, मोजमाप आणि तारीख एका वहीत लिहून ठेवावी, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र काढावे. ‘पूर्वी एवढीच होती’ ही आठवण माझ्या अनुभवात क्वचितच बरोबर निघते.

प्रश्न : सात वर्षांच्या बॉक्सर कुत्र्याच्या छातीवरची गाठ शस्त्रक्रियेने काढली. अहवालात ‘मास्ट पेशींचा अर्बुद, लो ग्रेड, एका बाजूचा काठ अरुंद’ असे लिहिले आहे. ग्रेड म्हणजे काय? पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल का? केमोथेरपी हवी का?

सर्वप्रथम, काढलेली गाठ तपासणीसाठी पाठवली गेली, ही आपल्या कुत्र्याच्या दृष्टीने चांगली गोष्ट झाली. गाठ काढून फेकून दिली आणि सहा महिन्यांनी त्याच जागी दुसरी उगवली, अशी पत्रेही माझ्यासमोर आहेत. त्यांना उत्तर देताना माझ्या हाती काहीच पुरावा नसतो.

सुईच्या तपासणीत गाठीचे नाव कळते, परंतु तिचा स्वभाव नीट कळण्यासाठी पेशी एकमेकींशी कशा रचल्या आहेत आणि खालच्या थरांत किती घुसल्या आहेत हे पाहावे लागते. ते काम काढलेल्या गाठीच्या सूक्ष्म तपासणीत होते आणि त्यावरून ग्रेड ठरते. १९८४ पासून प्रचलित असलेल्या पद्धतीत तीन ग्रेड होत्या. त्यांतल्या मधल्या ग्रेडमध्ये फार वेगवेगळ्या स्वभावाच्या गाठी एकत्र पडत आणि एकच काचपट्टी पाहून दोन तज्ज्ञ दोन मते देत. म्हणून २०११ मध्ये लो आणि हाय अशा दोनच ग्रेडची पद्धत पुढे आली. तिच्यात मोठ्या भिंगाच्या दहा क्षेत्रांत विभाजित होणाऱ्या सात किंवा अधिक पेशी दिसणे, अनेक केंद्रके असलेल्या पेशी सापडणे, केंद्रकांचे आकार विचित्र किंवा अवाढव्य असणे, असे मोजता येण्याजोगे निकष आहेत. ही पद्धत मांडणाऱ्या अभ्यासात हाय ग्रेडच्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मी कुत्री ज्याहून अधिक जगली तो काळ) चार महिन्यांहून कमी, तर लो ग्रेडच्या कुत्र्यांचे दोन वर्षांहून अधिक आढळले होते. हे आकडे अनेक कुत्र्यांच्या समूहाचे आहेत, आपल्या कुत्र्याच्या कपाळावर लिहिलेले नाहीत. तरीही लो ग्रेड हा शब्द वाचून आपण सुटकेचा श्वास घेतला असेल, तर तो योग्यच होता. एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. या ग्रेड त्वचेतल्या गाठींसाठी आहेत. त्वचेखालच्या चरबीतच उगवलेल्या मास्ट पेशींच्या गाठींना त्या लागू होत नाहीत. तिथे विभाजित पेशींची संख्या आणि पसरण्याची रीत यांवरून अंदाज बांधतात.

आता काठाचा प्रश्न. गाठीची दिसणारी कड जिथे संपते, तिथे अर्बुद संपतोच असे नाही. त्याच्या पेशी आसपासच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही विखुरलेल्या असतात. म्हणून शल्यविशारद गाठीच्या चहूबाजूंनी साधारण दोन ते तीन सेंटिमीटर त्वचा आणि खाली स्नायूवरच्या आवरणाचा एक थर अशी सोबत काढतात. लहान गाठींना गाठीच्या रुंदीएवढा काठही पुष्कळदा पुरतो. आपल्या अहवालातला ‘अरुंद’ हा शब्द ‘अपुरा’ या शब्दाहून वेगळा आहे. अरुंद म्हणजे कडेपर्यंत अर्बुद पोहोचलेला नाही, पण मधले अंतर थोडे आहे. अपुरा म्हणजे कापलेल्या कडेवरच पेशी सापडल्या. लो ग्रेडच्या गाठींत काठ अरुंद असूनही पुष्कळ वेळा गाठ परत येत नाही. त्यामुळे आपल्या बाबतीत दोन रास्त मार्ग आहेत. जागा सैल त्वचेची असल्याने व्रणासकट थोडी अधिक त्वचा काढणे फारसे अवघड नाही, म्हणून पहिला मार्ग पुनर्शस्त्रक्रियेचा. दुसरा मार्ग दर तीन महिन्यांनी व्रण आणि जवळच्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासत राहण्याचा. मी आपल्या जागी असतो आणि कुत्रा अन्यथा ठणठणीत असता, तर दुसरा मार्ग धरण्यापूर्वी एक काम नक्की केले असते : काखेतील आणि खांद्यासमोरील लसिकाग्रंथींना सुई लावून पेशी तपासून घेतल्या असत्या, मग त्या हाताला मोठ्या लागोत वा न लागोत. मास्ट पेशी प्रथम तिथेच जातात आणि आकाराने नेहमीसारख्या वाटणाऱ्या ग्रंथींतही त्या सापडतात. ग्रंथी निर्दोष निघाल्या तर लो ग्रेडमध्ये केमोथेरपीची गरज सहसा नसते.

ग्रंथीत पेशी सापडल्या असत्या किंवा ग्रेड हाय असती, तर उत्तर बदलले असते. तेव्हा पोटाची सोनोग्राफी करून प्लीहा आणि यकृत यांतून सुईने पेशी घ्याव्या लागतात, ती ग्रंथी काढावी लागते आणि त्यानंतर विनब्लास्टिन व प्रेडनिसोलोन (हे एक स्टेरॉइड) किंवा लोमुस्टिन यांसारखी औषधे दिली जातात. टोसेरानिब ही तोंडावाटे देण्याची गोळी २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजूर केली. कुत्र्यांच्या कर्करोगासाठीच बनवलेले आणि तिथे मान्यता मिळालेले ते पहिले औषध होते. किट नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या गाठींवर ते विशेष काम करते, म्हणून काही प्रयोगशाळा त्या बिघाडाची चाचणी करून देतात. कापायला त्वचाच शिल्लक नसेल अशा जागी, म्हणजे पायाच्या खालच्या भागात वगैरे, रेडिएशन उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियातील वर्षावनात वाढणाऱ्या एका झाडाच्या बियांपासून काढलेले टिगिलानॉल टिग्लेट हे औषध थेट गाठीत टोचतात. युरोप आणि अमेरिका येथे त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. मान्यतेपूर्वीच्या चाचणीत एका मात्रेनंतर २८ दिवसांनी सुमारे तीन-चतुर्थांश कुत्र्यांची गाठ पूर्ण नाहीशी झाली होती. गाठ काळी पडून गळून जाते आणि खाली मोठी उघडी जखम राहते, जी पुढे आपोआप भरते. ते दृश्य पाहण्याची तयारी घरातल्यांनी आधीच केलेली असावी. ही औषधे सर्वत्र मिळतातच असे नाही, आणि न पसरलेल्या गाठीसाठी पहिला विचार अजूनही शस्त्रक्रियेचाच करावा.

आणखी एक गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नसेल, तर ती माझ्याकडून ऐकावी. या पेशींतून सुटणाऱ्या हिस्टामिनमुळे जठरात आम्ल वाढते आणि व्रण होऊ शकतात. उलट्या, भूक मंदावणे किंवा डांबरासारखी काळी विष्ठा दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. प्रेडनिसोलोन चालू असताना वेदनाशामक दाहरोधक गोळी स्वतःहून कधीही देऊ नये. दोन्ही एकत्र आल्यास जठराला छिद्र पडण्यापर्यंत वेळ येते. माणसांच्या घरातील आयबुप्रोफेन तर कुत्र्याला कोणत्याही कारणासाठी देऊ नये.

प्रश्न : दीड वर्षाच्या कुत्र्याच्या कानावर बटणासारखी लाल, गुळगुळीत गाठ दोन आठवड्यांत उगवली. कर्करोग असेल का?

या वयात, या जागी आणि अशा रूपात ती बहुधा हिस्टिओसायटोमा असते. त्वचेतील रोगप्रतिकारक पेशींची ही निरुपद्रवी गाठ शरीर स्वतःच एक ते तीन महिन्यांत जिरवते. तरीही सुईची तपासणी करून खात्री करावी, आणि निदान होण्यापूर्वी स्टेरॉइडचे मलम किंवा इंजेक्शन घेऊ नये, कारण जी प्रतिकारशक्ती ती गाठ जिरवणार असते, तिलाच स्टेरॉइड दाबून टाकते. तीन महिन्यांनंतरही गाठ तशीच राहिली तर काढून तपासणीला पाठवावी.

प्रश्न : आमच्या काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्याचे पुढच्या पायाचे एक बोट तीन महिन्यांपासून सुजले आहे. नख गळून पडले. प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले; औषध चालू असताना सूज उतरते आणि थांबवले की परत येते. आता बोट काढावे लागेल असे सुचवले आहे. एवढ्याशा संसर्गासाठी बोट काढायचे?

मला आपल्या पत्रातील ‘एवढ्याशा’ या शब्दाची काळजी वाटते. एकाच बोटाची, औषधाने दबणारी पण न जाणारी सूज आणि गळालेले नख हे चित्र संसर्गाचे असू शकते, परंतु नखाच्या मुळाशी होणारे दोन कर्करोगही अगदी असेच दिसतात. पहिला स्क्वॅमस पेशींचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचा कर्करोग. काळ्या लॅब्राडॉर, काळ्या स्टँडर्ड पूडल, जायंट श्नाउझर अशा गडद रंगाच्या मोठ्या जातींत तो अधिक आढळतो, आणि काही कुत्र्यांत वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने दुसऱ्या बोटालाही होतो. दुसरा मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. येथे जागेचे महत्त्व फार आहे. केसाळ त्वचेवरचे या रंगपेशींचे काळे अर्बुद बहुतेक सौम्य असतात, आणि तेच नखाच्या मुळाशी किंवा तोंडात आले तर बहुतेक घातक ठरतात. या अर्बुदावर घाव लागल्याने सुजलेल्या जागी जंतुसंसर्ग होतोच, म्हणून प्रतिजैविकाने थोडा आराम पडतो आणि सर्वांचीच दिशाभूल होते. यात दोष कोणाचा, हे मी येथे बसून ठरवणार नाही. पण एका बोटाची सूज औषधाच्या पहिल्या कोर्सने गेली नाही, तर दुसऱ्या कोर्सऐवजी एक्स-रे काढावा, असे माझे ठाम मत आहे.

एक्स-रेमध्ये शेवटच्या हाडाची झीज दिसली, तर संशय बळावतो. मात्र हाडापर्यंत गेलेला जुना संसर्गही तसाच दिसतो, म्हणून निर्णय पेशींच्या तपासणीवरच व्हावा. शस्त्रक्रियेपूर्वी खांद्यासमोरच्या, म्हणजे त्या पायाशी जोडलेल्या लसिकाग्रंथीला सुई लावावी आणि छातीचे तीन कोनांतून एक्स-रे घ्यावेत. बोट काढणे हे या परिस्थितीत निदान आणि उपचार दोन्ही असते, कारण काढलेल्या बोटाची संपूर्ण तपासणी होते आणि स्क्वॅमस पेशींचा कर्करोग वेळीच सापडला असेल, तर एवढ्या शस्त्रक्रियेनेच अनेक कुत्री बरी होतात. कुत्र्याचा भार प्रामुख्याने मधल्या दोन बोटांवर असतो; त्यांपैकी एक काढले तरी काही आठवड्यांत चाल सुधारते. मेलानोमा निघाला, तर पुढील पाठपुरावा अधिक काटेकोर लागतो. त्यासाठी अमेरिकेत विकसित झालेली, मानवी टायरोसिनेज जनुकावर आधारलेली एक लस २०१० पासून पूर्ण परवान्याने वापरात आहे, पण ती प्रत्यक्षात किती आयुष्य वाढवते याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. म्हणून लस मिळत नाही या कारणाने शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये.

प्रश्न : पांढऱ्या, आखूड केसांच्या कुत्रीला पाठीवर लोळून ऊन खाण्याची सवय आहे. पोटावर लालसर खरखरीत चट्टे आणि दोन गडद लाल ठिपके आले आहेत. उन्हाने कुत्र्यांनाही कर्करोग होतो का?

होतो. केस दाट आणि त्वचा गडद असेल, तर कुत्रा सुरक्षित असतो. पांढरे आखूड केस, गुलाबी त्वचा आणि उघडे पोट हे मात्र उन्हाला आमंत्रण आहे. बुल टेरियर, डाल्मेशियन, व्हिपेट, बीगल या जातींत उन्हाने त्वचा आधी लाल, मग जाड व खरखरीत होते, आणि त्याच चट्ट्यांतून पुढे स्क्वॅमस पेशींचा कर्करोग उद्भवू शकतो. गडद लाल किंवा जांभळट, रक्त साकळल्यासारखे ठिपके रक्तवाहिन्यांच्या अर्बुदाचे असू शकतात. तो सौम्यही असतो आणि हेमँजिओसार्कोमा नावाचा घातकही असतो. त्वचेच्या वरच्या थरातच असेल, तर शस्त्रक्रियेने चांगला निकाल मिळतो. त्वचेखाली खोल गेलेला असेल, तर वागणूक बरीच आक्रमक असते. हाच कर्करोग प्लीहेतून त्वचेवरही येऊ शकतो, म्हणून आपल्या कुत्रीचे ठिपके काढण्याबरोबर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

यापुढे सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तिला सावलीत ठेवावे किंवा अंगभर पातळ कापडाचा अंगरखा घालावा. माणसांचे सनस्क्रीन लावू नये : त्यातील झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट कुत्रा चाटून पोटात घेतो आणि ते त्याला विषारी ठरतात.

प्रश्न : अकरा वर्षांच्या कुत्र्याला आठ महिन्यांपासून खाज, कोंडा आणि लाल चट्टे आहेत. नाकाचा काळा रंगही फिका होत चालला आहे. ॲलर्जी आणि बुरशी यांची सर्व औषधे झाली. गाठ मात्र कुठेच नाही.

ॲलर्जी ही सहसा तरुणपणी सुरू होणारी व्याधी आहे. अकराव्या वर्षी आयुष्यात प्रथमच खाज सुरू होते आणि नाकाचा रंग उडू लागतो, तेव्हा त्वचेच्या लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाचा विचार करावाच लागतो. त्यात गाठ नसतानाही संपूर्ण त्वचा आजारी असते. निदानासाठी निरनिराळ्या जागांतून त्वचेचे तीन-चार छोटे गोल तुकडे घ्यावेत. त्याआधी ती जागा घासून धुऊ नये आणि खपल्या काढू नयेत, कारण निदानाला लागणाऱ्या पेशी अगदी वरच्या थरातच असतात. स्टेरॉइड चालू असेल तर ते तपासणीच्या अर्जावर लिहावे. निदान ठरल्यास लोमुस्टिन आणि प्रेडनिसोलोन यांनी खाज आणि चट्टे पुष्कळ कमी होतात, परंतु हा आराम बहुधा काही महिन्यांचाच असतो. हे मी आपल्यापासून लपवणार नाही.

प्रश्न : कर्करोग झालेल्या कुत्र्यापासून घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला किंवा लहान मुलांना धोका असतो का?

माणसाला मुळीच नाही. कुत्र्यांमध्ये एकच कर्करोग संसर्गाने पसरतो, तो म्हणजे संभोगातून, चाटण्या-हुंगण्यातून जिवंत अर्बुदपेशींद्वारे लागण होणारा जननेंद्रियांचा अर्बुद. तो क्वचित नाकावर किंवा त्वचेवरही येतो आणि विन्क्रिस्टिनच्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. त्वचेचे वर सांगितलेले कर्करोग असे पसरत नाहीत. काळजी घ्यायची ती केमोथेरपीच्या औषधांची : गोळी हातमोजे घालून द्यावी, तिचे तुकडे करू नयेत, आणि मात्रेनंतर सुमारे तीन दिवस मलमूत्र हातमोजे घालूनच साफ करावे. गरोदर स्त्रीने ही कामे करू नयेत.

प्रश्न : आमचा कुत्रा तेरा वर्षांचा आहे. हाय ग्रेड मास्ट पेशींचा अर्बुद यकृतापर्यंत गेला आहे. मोठा मुलगा म्हणतो, केमो द्यावी. पती म्हणतात, त्याचे हाल करू नयेत. माझा निर्णय होत नाही. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, तिला काय सांगावे हेही कळत नाही.

आपण दोघांचेही म्हणणे लिहिलेत, कारण दोघांच्याही म्हणण्यात त्या कुत्र्यावरची माया आपल्याला दिसते आहे. मलाही ती दिसते. म्हणून आधी दोघांच्या मनातील केमोचे चित्र तपासू या. कुत्र्यांत औषधाची मात्रा मुद्दाम अशी ठेवतात की उरलेले दिवस चांगले जावेत. रोग समूळ घालवण्यासाठी शरीराला टोकापर्यंत नेण्याचा उद्देश त्यात नसतो. बहुतेक कुत्र्यांचे केस गळत नाहीत. सतत वाढणाऱ्या केसांच्या जातींत आणि मिशांत फरक दिसतो. उलट्या, जुलाब किंवा दोन दिवस भूक नसणे असे काहींना होते. पांढऱ्या पेशी आठवड्याभरात सर्वांत खाली जातात, तेव्हा ताप आला तर तातडीने उपचार लागतात. लोमुस्टिन यकृतावर ताण आणते आणि आपल्या कुत्र्याचे यकृत आधीच रोगाने धरले आहे, म्हणून ते औषध मी सुचवणार नाही.

यकृतापर्यंत पसरलेल्या हाय ग्रेड रोगात केमोने मिळणारा काळ सहसा थोडा असतो. मला विचाराल, तर प्रेडनिसोलोन, हिस्टामिनरोधक आणि जठराचे आम्ल कमी करणारे औषध एवढ्यावर सुरुवात करावी. याने गाठीची सूज आणि मळमळ कमी होते, भूक सुधारते, आणि कुत्रा घरीच राहतो. त्यानंतर दोन आठवडे त्याचे निरीक्षण करावे. भिंतीवर दिनदर्शिका लावून रोज रात्री घरातल्या प्रत्येकाने त्या दिवसाला चांगला किंवा वाईट अशी खूण करावी. जेवला का, स्वतः उठून बाहेर गेला का, दाराशी कोणी आले तर शेपटी हलवली का, एवढेच पाहावे. पती आणि मुलगा यांच्यातला वाद त्या खुणांसमोर बसून बोलला, तर बराच सोपा होईल. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून अधिक होऊ लागले, तर वेदनारहित मृत्यूविषयी डॉक्टरांशी बोलावे, आणि हे बोलणे रक्तस्रावाच्या किंवा उलट्यांच्या मध्यरात्री करण्याची वेळ येऊ देऊ नये. डॉक्टर घरी येऊ शकतील का, तेही आताच विचारून ठेवावे.

मुलीला खरे सांगावे, आणि लवकर सांगावे. त्याच्या अंगात एक आजार आहे, डॉक्टर तो बरा करू शकत नाहीत, त्याला दुखू नये म्हणून औषध देत आहोत आणि काही दिवसांनी तो मरणार आहे, एवढ्या सरळ वाक्यांत सहा वर्षांच्या मुलाला कळते. ‘त्याला झोपवणार आहेत’ असे मात्र म्हणू नये. इतक्या लहान मुलांना पुढे स्वतः झोपायची भीती वाटू लागते. हा आजार तिच्या हात लावण्याने झालेला नाही आणि तिला होणारही नाही, हे तिने न विचारताच सांगावे. दिनदर्शिकेवर खूण करण्याचे काम हवे तर तिच्याकडे द्यावे.